पोटातले कावळे नेमके काय करत असतात?

‘आतड्यांना वर्षानुवर्षे चिकटलेला मळ तीन दिवसांत बाहेर!’ ही जाहिरात मोबाइलवर चौथ्यांदा दिसली, तेव्हा हा लेख लिहायला बसलो. शाळेतली आकृती आठवत असेलच: तोंड, अन्ननलिका, जठर, सुमारे 6 मीटर लांबीचे वेटोळे लहान आतडे आणि त्याला चौकटीसारखे वेढणारे मोठे आतडे. यकृत आणि स्वादुपिंड बाजूने रस पुरवतात, लहान आतडे अन्नघटक शोषते, मोठे आतडे पाणी. पण जेवणे उरकल्यावर मागची आवराआवर कोण करते, हे ती आकृती सांगत नाही.

जेवणानंतर जठर अन्न घुसळते आणि त्याचे खालचे तोंड चाळणीसारखे वागते. साधारण 1-2 मिलिमीटरपर्यंत बारीक झालेले कणच पुढे सुटतात. मग न पचणारे चिवट तंतू, चुकून गिळलेली बी, यांचे काय? ते थांबतात. जठर जवळजवळ रिकामे झाले की वेगळाच कार्यक्रम सुरू होतो. आधी बराच वेळ सामसूम, मग तुरळक, विस्कळीत हालचाल आणि शेवटी 5-10 मिनिटे जोरदार, तालबद्ध आकुंचने. या वेळी जठराचे तोंड सैल असते, त्यामुळे अडलेला ऐवज पुढे ढकलला जातो. ही लाट लहान आतड्यातून सावकाश खाली सरकते. तिला शेवटापर्यंत जायला दीड-दोन तास लागू शकतात. बऱ्याच लाटा तर वाटेतच विरतात. तेवढ्यात वर नवी लाट तयार होते. सुमारे दर दीड-दोन तासांनी, झोपेतसुद्धा, हे चालू राहते. काही खाल्ले की मात्र फेरी तिथेच मोडते.

आता जरा नेटाने वाचा, कारण खरी गंमत इथे आहे. जठराच्या आणि आतड्याच्या भिंतीत काहालच्या पेशी नावाच्या विशेष पेशी असतात. त्या अखंड विद्युत ठेका धरतात: जठरात मिनिटाला 3, लहान आतड्याच्या सुरुवातीला 12 च्या आसपास. पण ठेका पडला म्हणजे स्नायू आवळलाच असे नाही. त्यावर चेतासंस्थेचा किंवा संप्रेरकाचा इशारा स्वार झाला, तरच आकुंचन होते. सामसूम असते तेव्हाही ठेका चालूच असतो, पण बहुतेक मात्रा रिकाम्या जातात; जोरदार टप्प्यात जवळजवळ प्रत्येक मात्रेला आकुंचन होते. जठरातून निघणाऱ्या लाटेला इशारा देण्यात मोटिलिन या संप्रेरकाचा मोठा हात असतो, आणि ते लहान आतड्याच्या वरच्या भागातून रक्तात सोडले जाते. आतड्याच्या भिंतीतले चेताजाळे इतके स्वयंपूर्ण, की मेंदूशी जोडणाऱ्या नसा तोडल्या तरी आतड्यात अशा लाटा उठतात!

भूक लागल्यावर पोटात कावळे ओरडतात ते बरेचदा याच वेळी. हवा आणि द्रव रिकाम्या नळीतून ढकलले जातात, आवाज दाबायला अन्न नसते. म्हणजे आपण ज्याला भुकेची बोंब समजतो, त्यात झाडलोटीचा आवाजही मिसळलेला असतो. (जेवणानंतरही आतडी बोलतात, फक्त कमी ऐकू येतात.)

या झाडण्यामुळे लहान आतड्यात जिवाणूंची भाऊगर्दी होत नाही. ही झाडलोट बिघडली तर तिथे जिवाणू वाढू शकतात. दीर्घकाळच्या मधुमेहात जठरातली लाट हरवली, तर न पचलेल्या तंतूंचा गोळाही साठू शकतो. आणि जाहिरातीतला तो चिकटलेला मळ? लहान आतड्याचे आतले अस्तर साधारण 3 ते 5 दिवसांत नवे होते. ज्या भिंतीच्या पेशीच आठवडाभर टिकत नाहीत, तिच्यावर वर्षानुवर्षांची पुटे चढणार कशी? ‘शुद्धी’च्या पुड्यांत बहुतेकदा रेचक असते. त्याने जुलाब होतात आणि गिऱ्हाइकाला वाटते, मळ निघाला.

मोटिलिनची आणखी एक करामत सांगतो. एरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक घेतल्यावर काहींच्या पोटात मुरडा येतो. हे औषध मोटिलिनच्या ग्राहीवर, म्हणजे पेशीवर मोटिलिन जिथे चिकटते त्या जागेवर, जाऊन बसते आणि जठराला वाटते, झाडायची वेळ झाली. म्हणूनच जठर सुस्तावलेल्या रुग्णांना डॉक्टर कधी कधी तेच औषध कमी मात्रेत देतात.