पार्श्वभूमी : परळच्या हाफकिन संस्थेमागचा माणूस

परळची हाफकिन संस्था मुंबईकरांना लसींमुळे आणि सर्पदंशावरच्या औषधामुळे ठाऊक आहे. ज्याच्या नावाने ती ओळखली जाते त्या वॉल्डेमार हाफकिनला मात्र याच वास्तूतून बाजूला काढलं गेलं होतं, हे फारसं कुणी सांगत नाही.

हाफकिनचा जन्म 1860 चा, ओडेसातल्या ज्यू कुटुंबातला. जीवशास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉव्ह हे त्याचे गुरू. झारच्या राजवटीत ज्यू माणसाला विद्यापीठात पुढची वाट बंद होती आणि धर्म बदलायला तो तयार नव्हता. अखेर पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्याला काम मिळालं, तेही ग्रंथालयात. तिथेच त्याने पटकीची (कॉलऱ्याची) लस तयार केली आणि जुलै 1892 मध्ये पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. पुढच्याच वर्षी तो हिंदुस्थानात आला.

1896 च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवीत गाठीचा ताप सुरू झाला. तो प्लेग आहे हे मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ओळखलं. सरकारने हाफकिनला मुंबईला पाठवलं, ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि व्हरांडा दिला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. तिथे त्याने मांसाच्या रश्शात प्लेगचे जंतू वाढवले. रश्शावर तुपाचे थेंब सोडले की जंतूंची वाढ त्यांना धरून झुंबरासारखी खाली लोंबते. बाटली हलवून ती पाडायची, पुन्हा वाढू द्यायची. आठवडे गेले की सगळं तापवून जंतू मारायचे. 10 जानेवारी 1897 रोजी त्याने ही लसही आधी स्वतःलाच टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथे लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या कैद्यांची तुलना झाली आणि लस उपयोगी पडते हे दिसलं.

हे सगळं चाललं तो काळ कसा होता, हे विसरून चालणार नाही. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्याच मार्चमध्ये सावित्रीबाई फुले गेल्या. घरझडतीच्या जुलमाने लोक संतापले होते आणि जूनमध्ये पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली. अशा दिवसांत सरकारच्या हातची सुई कोण टोचून घेणार? म्हणूनच इस्माइली मुसलमानांचे धर्मगुरू तिसरे आगाखान यांनी चारचौघांत लस टोचून घेतली, त्याचं मोल मला फार वाटतं. 1899 मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली.

घात झाला 1902 च्या ऑक्टोबरात, पंजाबातल्या मुल्कोवाल गावी. त्या दिवशी 107 जणांना लस दिली गेली. त्यांतले 19 जण धनुर्वाताने दगावले, आणि ते सगळे एकाच बाटलीतून टोचलेले होते. चौकशीत दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिनला पदावरून दूर केलं गेलं. बाटली उघडताना गावात चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, ही गोष्ट बाजूला राहिली. रोनाल्ड रॉस आणि इतर जंतुशास्त्रज्ञांनी 1907 मध्ये लंडनच्या टाइम्समधून जाहीरपणे त्याची बाजू मांडली, तेव्हा कुठे तो निर्दोष ठरला. पाच वर्षं! एका कर्तबगार संशोधकाची भर उमेदीतली वर्षं अशी गेली, हा अन्यायच होता.

त्याला नेमणूक मिळाली ती कलकत्त्यात. परळ काही परत मिळालं नाही. पुढे निवृत्त होऊन तो युरोपात गेला. 1925 मध्ये परळच्या संस्थेला त्याचं नाव दिलं गेलं, तेव्हा तो हयात होता. 1930 मध्ये लोझानला त्याचं निधन झालं.