आइनस्टाइन गणितात नापास झालेला नव्हता

"आइनस्टाइनसुद्धा गणितात नापास झाला होता!" सांगली-इस्लामपूरकडे गणिताला कंटाळलेली मुलं हे हमखास ऐकवतात, आणि पालकही धीर द्यायला तेच सांगतात. पण ते खरं नाही. १८९५ मध्ये, सोळाव्या वर्षी, त्यानं झुरिकच्या तंत्रशिक्षण संस्थेची प्रवेशपरीक्षा दिली. ती हुकली भाषा वगैरे इतर विषयांमुळे; गणित-भौतिकशास्त्रात तो चमकला होता. पुढच्याच वर्षी स्वित्झर्लंडमधल्याच आराउच्या शाळेत बीजगणित, भूमिती आणि भौतिकशास्त्रात त्याला ६ पैकी ६ मिळाले.

मुलांचा खरा प्रश्न वेगळाच असतो: "हे पुढं कुठं लागतं?" तो रास्त आहे. "परीक्षेला येतं" एवढ्यावर त्यांची बोळवण करणं मला अजिबात पटत नाही, कारण वाळवा तालुक्यात उत्तर बांधावरच उभं आहे.

२०२५-२६ च्या हंगामाची उसाची एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर, घ्या. साखर उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण, १०.२५ टक्के असेल तर क्विंटलला ३५५ रुपये, आणि त्यावरच्या दर ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये जादा. उतारा १२.२५ धरला तर असे वीस टप्पे होतात, म्हणजे ६९.२० रुपये. एकूण ४२४.२०, टनाला ४,२४२ रुपये. त्यातून तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा होतो.

यात शेकडेवारी आणि दशांश अपूर्णांक याखेरीज काहीच नाही. ज्या पोराला हे जमतं, ते घरचं ऊसबिल स्वतः तपासू शकतं. शिक्षकांनी नाव झाकून असं एक बिल फळ्यावर खुशाल मांडावं.