वस्तीची एसटी (ठाणे जिल्हा)

दिवसाची शेवटची फेरी घेऊन गावात जाणारी, रात्रभर तिथेच उभी राहणारी आणि पहाटे त्याच गावातून पहिली फेरी म्हणून परत निघणारी एसटी म्हणजे वस्तीची एसटी. एसटी महामंडळाच्या कागदांत तिची नोंद ‘रात्रवस्ती’ अशी होते. घाटावर ‘मुक्कामी गाडी’ म्हणतात. ठाणे जिल्ह्यात मात्र ‘वस्तीची गाडी’ किंवा नुसतेच ‘वस्ती’ हा शब्द रुळला आहे. ‘वस्ती आली का?’ असे रात्री नऊच्या सुमाराला कुणी विचारले, तर तो गाडीबद्दलच विचारत असतो.

ठाणे म्हटले की लोकल गाड्यांची गर्दी डोळ्यांसमोर येते. जिल्ह्याचा पूर्वेकडचा अर्धा भाग त्या चित्रात नसतो. १८५३ साली ठाण्याला पोचलेली रेल्वे १८६१ मध्ये कसाऱ्यापर्यंत गेली; वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी ही स्टेशने त्याच रुळांवरची. पण रूळ शहापूर तालुक्यातून एका रेषेत जातात. किन्हवली किंवा डोळखांबच्या बाजूच्या माणसाला स्टेशन गाठायचे तर आधी रस्त्याचा प्रवास आलाच. मुरबाड तालुक्यात तर आजवर रेल्वेच नाही. टोकावडे, धसई, म्हसा, सरळगाव या बाजूंनी येणारा प्रत्येक जण आधी मुरबाडला आणि तिथून सुमारे ३० किलोमीटरवरच्या कल्याणला रस्त्यानेच येतो. लोकल वेळेवर गाठायची तर गावातून पहाटे निघणारी गाडी हवी, आणि पहाटे निघणारी गाडी रात्री गावातच असावी लागते. वस्तीच्या गाडीची सगळी गरज या एवढ्या गोष्टीत आहे.

मोटार सर्व्हिस ते महामंडळ

एसटीच्या आधी या रस्त्यांवर खाजगी ‘सर्व्हिस मोटारी’ धावत. मालक बहुधा बाजारपेठेच्या गावचा व्यापारी; गाडी त्याच्या दारात मुक्काम करी आणि उतारू भरले की निघे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने परवान्यांची शिस्त आणली. पाठोपाठ महायुद्ध आले, पेट्रोलवर नियंत्रण बसले आणि गाड्या कोळशाच्या वायूवर चालू लागल्या. गाडीच्या मागे लोखंडी पिंप बसवायचे, त्यात कोळसा पेटवायचा आणि निघणाऱ्या वायूवर इंजिन ओढायचे. चढ लागला की गाडी दम टाकी, उतारू खाली उतरून चालत आणि वर जाऊन पुन्हा बसत. शहापूर-मुरबाडच्या रानात कोळसा पाडण्याचे काम कातकऱ्यांच्या पाठीवर होते. या मोटारींच्या गोष्टी सांगताना त्यांची आठवण क्वचितच काढली जाते, ती काढायला हवी.

१ जून १९४८ रोजी मुंबई प्रांताच्या राज्य परिवहनाची पहिली गाडी पुणे ते अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) धावली. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याने या सेवेला महामंडळाचे रूप मिळाले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर विदर्भ आणि मराठवाड्यातल्या सरकारी बससेवा त्यात मिळून आजचे महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ उभे राहिले. खाजगी मालकाला जिथे उतारू भरत नसत तिथे जायचे कारण नव्हते. महामंडळावर जायचे बंधन आले. ‘रस्ता तिथे एसटी’ ही घोषणा त्यातूनच लोकांच्या तोंडी बसली. वस्तीच्या गाडीत तिचा पुरावा रोज रात्री गावात उभा राही.

एसटीच्या ठाणे विभागात ठाण्याची दोन आगारे आणि भिवंडी, कल्याण, विठ्ठलवाडी, मुरबाड, शहापूर व वाडा अशी आगारे येतात. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, त्यात वाडा तालुका तिकडे गेला. आगार मात्र ठाणे विभागातच राहिले. वस्तीच्या फेऱ्यांचा भार मुख्यतः मुरबाड, शहापूर आणि वाडा या आगारांवर.

गाड्या

पहिल्या तीस गाड्या बेडफर्ड बनावटीच्या होत्या. लाकडी सांगाडा, काथ्याच्या गाद्या, निळा आणि रुपेरी रंग. सुरुवातीच्या वर्षांत मिळेल ती गाडी घ्यावी लागे, म्हणून ताफ्यात शेव्हरोले, फोर्डसन, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, अल्बियन, लेलँड असे नाना प्रकार होते. इतक्या बनावटींचे सुटे भाग सांभाळणे हा मेकॅनिकच्या जिवाला घोर होता. एखादी गाडी आडगावात बंद पडली तर नेमका तोच भाग मिळेपर्यंत ती तिथेच उभी. पुढे ताफा टाटा आणि अशोक लेलँड या दोन बनावटींवर स्थिरावला, आणि खेडोपाडी गाडी पाठवणे खऱ्या अर्थाने शक्य झाले. चासी (इंजिन-चाकांसह खालचा सांगाडा) कारखान्यातून यायची आणि बॉडी एसटीच्या आपल्या कार्यशाळांत बांधली जायची: पुण्याजवळ दापोडी, संभाजीनगरला चिकलठाणा, नागपूरला हिंगणा.

१९५६ मध्ये लाकूड जाऊन पोलादी बॉडी आणि मऊ गाद्या आल्या. किनाऱ्यालगतच्या दमट हवेत पोलाद गंजू लागले, तेव्हा १९६० च्या सुमाराला ॲल्युमिनियम वापरात आले आणि रंगही लाल झाला. ठाणे जिल्ह्याच्या पावसात या बदलाचे मोल फार. लाल रंगामुळे ‘लाल डबा’ हे नाव पडले आणि अलीकडे ‘लालपरी’. त्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा खडखडाट ओळखीचा असतो. वळणापलीकडे गाडी आहे हे झोपलेल्या माणसालाही कळते. जुन्या गाड्यांना टपावर कठडा आणि मागे शिडी असे. भाजीच्या पाट्या, लाकडाची मोळी, सायकल, लग्नाचा पाट-चौरंग सगळे टपावर जाई. नव्या बांधणीत शिडी गेली आणि माल गाडीत पायांशी आला. अरुंद घाटरस्त्यांसाठी महामंडळाने ‘यशवंती’ नावाची लहान गाडीही काढली. डोंगरातल्या वाडीच्या रस्त्यावर तीच सोयीची, कारण मोठ्या गाडीला तिथे वळायलाच जागा नसते.

रात्र

वेळापत्रकात या गाडीच्या नावापुढे सुटण्याची आणि पोचण्याची वेळ असते. मधली रात्र कुठेच लिहिलेली नसते, म्हणून ती इथे सविस्तर द्यावीशी वाटते.

गाडी गावात येते तेव्हा शेवटचे उतारू पंधरा-वीस उरलेले असतात. देवळापुढच्या किंवा शाळेजवळच्या मोकळ्या जागेत डायवर ती वळवून घेतो आणि तोंड रस्त्याकडे करून लावतो. हे वळवणे रात्रीच उरकायचे, कारण पहाटेच्या अंधारात आणि धुक्यात मागे घेणे धोक्याचे. जुन्या गाड्यांच्या काळात उताराची जागा हेरून ठेवलेली असे. पुढच्या चाकाखाली एक मोठा दगड सारायचा. सकाळी बॅटरीने मान टाकली तर दगड काढून, गिअरमध्ये ठेवून गाडी उतारावर सोडायची. तो दगड वर्षानुवर्षे तोच असे आणि कुणी तो घरी नेत नसे.

कंडक्टर दिव्याखाली वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशोबाचा कागद, मांडतो. पूर्वी ट्रेमध्ये वेगवेगळ्या किमतीच्या तिकिटांच्या गड्ड्या असत, तिकिटाला चिमट्याने भोक पडे आणि प्रत्येक गड्डीचा चालू नंबर वेबिलवर चढवावा लागे. भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्यावर मोजतात, त्यामुळे हिशोब टप्प्याटप्प्याने जुळवायचा. एक तिकीट कमी पडले तर ते सापडेपर्यंत झोप नाही. आता तिकिटाचे यंत्र आले, हिशोब तेच छापते. पण ते चार्ज करावे लागते, आणि पावसाळ्यात वीज गेली की कंडक्टर ज्याच्याकडे इन्व्हर्टर आहे ते घर शोधतो. रोकड थैलीत आणि थैली उशाशी.

झोपायचे कुठे, हे गावावर अवलंबून. काही ठिकाणी ग्रामपंचायतीची खोली मिळते, काही ठिकाणी देवळाचा सभामंडप. नाही तर गाडीतच: डायवर मागच्या लांब सीटवर, कंडक्टर दोन सीटांमधल्या वाटेत वळकटी पसरून. रात्रवस्तीचा भत्ता मिळतो. पण अंगावर पाणी घ्यायची आणि शौचाची नीट सोय अनेक गावांत आजही नाही, आणि कर्मचाऱ्यांची ही तक्रार पूर्णपणे रास्त आहे. जेवण मात्र गावाने कधी चुकवले नाही. भाकरी, वरण, पावसाळ्यात चिंबोरीचा रस्सा असे पाळीपाळीने कुणा ना कुणाच्या घरून येते. एकाच मार्गावर वर्षे काढलेल्या डायवर-कंडक्टरला गावातल्या लग्नाची पत्रिका नावाने जाते.

पहाटे साडेचार-पाचला डायवर रेडिएटरमध्ये पाणी पाहतो, काचेवरचे दव पुसतो आणि इंजिन सुरू करून तसेच चालू ठेवतो. हवेच्या ब्रेकची टाकी भरल्याशिवाय गाडी हलवता येत नाही. ती आठ-दहा मिनिटांची घरघर म्हणजे गावाचा गजर. ज्यांना जायचे असते ते त्या आवाजावर चूल पेटवतात किंवा चपला शोधतात. उशीर झालेल्या माणसासाठी शेजारी ओरडून सांगतो, ‘दोन मिनटं थांबा, तो येतोय.’ आणि गाडी थांबते.

पहाटेचे उतारू

पहिल्या फेरीत कल्याण-ठाण्याकडे कारखान्यात जाणारे कामगार असतात, दुधाच्या किटल्या असतात, तालुक्याच्या कॉलेजला जाणारी मुले असतात. ग्रामीण भागातल्या बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे. पासाचा उपयोग गाडी वेळेवर आली तरच होतो, हे वेगळे सांगायला नको. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी बाया भाजीच्या पाट्या घेऊन चढतात. ज्येष्ठ संपता संपता शेवळी, मग करटुली, टाकळा, भारंगी. कल्याण आणि ठाणे स्टेशनांबाहेर सकाळी आठला ज्या ताज्या रानभाज्या दिसतात, त्यांतल्या कितीतरी पाट्या अशा पहाटेच्या एसटीने आलेल्या. वीस किलोमीटर आतल्या वाडीवरची बाई सातची गाडी पकडून आली तर तिला बाजारात बसायला जागाही मिळत नाही.

अडल्या बाळंतिणीला आणि साप चावलेल्या माणसाला रात्री-अपरात्री याच गाडीने तालुक्याला नेल्याच्या आठवणी बहुतेक गावांत ऐकायला मिळतात. नियमात ती फेरी बसत नाही. तरी गाड्या गेल्या.

पौष पौर्णिमेला म्हशाची यात्रा भरते, गुराढोरांचा मोठा बाजार असतो. त्या दिवसांत नेहमीच्या वेळा बाजूला पडतात आणि जादा गाड्या सोडाव्या लागतात.

हिशोब

वस्तीची फेरी तोट्याची, असे सरसकट बोलले जाते. तिचा हिशोब मात्र असा: गाव आगारापासून ३५ किलोमीटरवर असेल आणि गाडी रात्री परत आणायची असेल, तर रात्री ३५ आणि पहाटे ३५ असे ७० किलोमीटर ती जवळपास रिकामी धावेल. वस्ती केली की हे ७० किलोमीटर वाचतात. जाताना संध्याकाळची परतणारी माणसे आणि येताना सकाळची निघणारी, म्हणजे दोन्ही फेऱ्यांना भारमान (भरलेल्या जागांचे प्रमाण) चांगले मिळते. दुपारच्या रिकाम्या फेरीचा तोटा या दोन फेऱ्यांच्या माथी मारला जातो, तिथे हिशोब चुकतो.

खाडीकडची बाजू

दिघा, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे ही आगरी-कोळ्यांची गावेही एकेकाळी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या मोजक्या गाड्यांवर अवलंबून होती. तिथले चित्र पार बदलले. १९७० मध्ये नवी मुंबई वसवणारी सिडको आली, फेब्रुवारी १९८९ मध्ये ठाणे महापालिकेची टीएमटी आणि १९९६ मध्ये नवी मुंबईची एनएमएमटी सुरू झाली, २००४ साली ठाणे-वाशी लोकल आली. शहर बससेवेची गाडी रात्री आगारात परततेच. या पट्ट्यात वस्तीच्या गाडीचे कामच उरले नाही.

अलीकडची स्थिती

मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत एसटी थांबली. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला. त्यानंतर लांब पल्ल्याच्या गाड्या लवकर सावरल्या, पण वस्तीच्या अनेक फेऱ्या पुन्हा सुरू झाल्याच नाहीत. एकूण ताफाही आटला होता. राज्यभरात १८ हजारांच्या घरात असलेल्या गाड्या १५ हजारांच्या आसपास आल्या. कमी गाड्यांतून आधी कोणाला द्यायची, याचे उत्तर बहुधा आतल्या गावाच्या विरोधात जाते. रिकाम्या जागी काळी-पिवळी जीप आणि इको व्हॅन आल्या. त्या भरल्याशिवाय निघत नाहीत, पास घेत नाहीत आणि रात्री गावात थांबत नाहीत. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांपुढच्यांना मोफत प्रवास आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट मिळू लागल्यावर प्रवासी एसटीकडे वळले, आणि बंद पडलेली वस्ती परत द्या ही मागणी अधिक जोराने होऊ लागली.

आता विजेच्या गाड्या येत आहेत. भाडेतत्त्वावरच्या ५,१५० विजेच्या गाड्यांचा करार महामंडळाने केला आणि ठाण्याहून पुण्याला ई-शिवनेरी धावते. विजेची गाडी रात्री आगारात चार्जिंगला लागते, आणि वस्तीची गाडी नेमकी रात्रीच आगाराबाहेर असते. टोकावडे, धसई, किन्हवली, डोळखांब अशा मोठ्या गावांत स्टँडवर चार्जिंगची सोय झाली, तर ही अडचण सुटू शकते. एका चार्जरवर आसपासच्या दोन-तीन वस्त्यांच्या गाड्या पाळीने लावता येतील. ही सोय होईपर्यंत या मार्गांवर डिझेलची लाल गाडीच लागणार, आणि दरवर्षी भंगारात निघणाऱ्या जुन्या गाड्यांच्या बदल्यात तशा नव्या गाड्या मुरबाड-शहापूरच्या आगारांना मिळत राहायला हव्यात.