जावक नोंद असेल तरच आवक

गेल्या महिन्यात मावसभावाकडे जेवायला गेलो होतो. सोलापूरच्या पूर्व भागात त्याचं घर. खाली माग, वर संसार. वरच्या खोलीत एकच संगणक आहे आणि चादरींची जॅकार्ड डिझाइनं, जीएसटीची बिलं, पुतणीचा अकरावीचा अभ्यास असं सगळं त्याच्यावरच चालतं. पुतणी म्हणाली, "काका, ही लाल फुली काही केल्या जात नाही." पाहिलं तर विंडोजची फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरून काय आत येऊ द्यायचं हे ठरवणारी राखण, पूर्ण बंद. भावाला विचारलं. "खाली ऑफिसातल्या प्रिंटरला प्रिंट जात नव्हती की, दादा. दुरुस्तीवाल्यानं ते बंद केलं, लगेच प्रिंट आली. आणि अँटीव्हायरस आहे की!"

कडक भाकरी आणि शेंगाची चटणी ताटात तशीच ठेवून मी त्याला समजवायला बसलो. त्या संध्याकाळी जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो. प्रिंट जावी म्हणून फायरवॉल बंद करणं हा उपाय मी दुकानांत, क्लासेसमध्ये, घरांत सारखा पाहतो. कडी नीट लागत नाही म्हणून दारच काढून ठेवावं, तसा तो आहे.

ही चूक जगानं एकदा मोठ्या प्रमाणावर करून पाहिली आहे. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीमध्ये फायरवॉल होती, पण ती मुळात बंद असायची. ऑगस्ट २००३मध्ये ब्लास्टर नावाचा वर्म, म्हणजे स्वतःहून एका संगणकातून दुसऱ्यात पसरणारा घातक प्रोग्राम, सुटला. त्याला तुम्ही मेल उघडायला नको, कुठे क्लिक करायला नको. सुरक्षेचा अपडेट न टाकलेला संगणक इंटरनेटला जोडलेला आहे आणि त्याच्या १३५ क्रमांकाच्या पोर्टपर्यंत (पोर्ट म्हणजे काय ते पुढे येतंच) बाहेरून पोचता येतं, एवढं पुरे होतं. पडद्यावर साठ सेकंदांची उलटी मोजणी दिसायची आणि संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. वर्षभरानं, ऑगस्ट २००४मध्ये, मायक्रोसॉफ्टनं एक्सपीचा सर्व्हिस पॅक २ हा मोठा अपडेट आणला आणि तेव्हापासून फायरवॉल मुळातच चालू मिळू लागली. पुढे मे २०१७मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वर्म पसरला तो ४४५ क्रमांकाच्या पोर्टवरून, म्हणजे फाइल आणि प्रिंटर शेअर करण्याच्याच वाटेनं. आमच्या दुरुस्तीवाल्यानं मोकळी करून दिलेली वाट नेमकी हीच.

पोर्ट म्हणजे संगणकाच्या मागची भोकं नव्हेत. इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला एक पत्ता असतो, आयपी ॲड्रेस. त्या एका पत्त्यावर अनेक कामं एकाच वेळी चालतात, म्हणून प्रत्येक कामाला खिडकी क्रमांक दिलेला असतो. तो पोर्ट. हा आकडा सोळा बिटांचा, म्हणून ० ते ६५५३५. वेबसाइट सुरक्षित मार्गानं देणारा सर्व्हर ४४३वर बसतो, दुरून संगणक चालवण्याची सोय ३३८९वर, फाइल शेअरिंग ४४५वर.

आता मुख्य गोष्ट. फायरवॉल म्हटलं की भुईकोट किल्ल्याची तटबंदी डोळ्यांसमोर येते. शब्दही तसाच आहे. आग पलीकडे पसरू नये म्हणून इमारतीत बांधतात ती भिंत. पण भिंत म्हटलं की प्रश्न पडतो: आत येणारं सगळं जर अडवलं जातं, तर मी बातम्यांचं पान उघडतो तेव्हा ते पान आत येतं कसं? तेही बाहेरूनच येतं. भावानं हाच प्रश्न विचारला, आणि मला आनंद झाला, कारण फायरवॉलमधली सगळ्यात सुंदर कल्पना या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

उत्तर त्याच्याच टेबलावर होतं: आवक-जावक रजिस्टर. सूत रंगाईला पाठवताना तो चलन फाडतो आणि जावकेत नोंद करतो. कुणाकडे पाठवलं, किती, कोणत्या टेम्पोनं, चलन क्रमांक काय. चार दिवसांनी टेम्पो परत आला की पोरगं रजिस्टर उघडून त्या चलनाशी मेळ घालतं. मेळ बसला तर माल आत. उद्या कुणी अनोळखी टेम्पो दारात लावून "तुमचा माल आहे, उतरवून घ्या" म्हणाला, तर पहिला प्रश्न, चलन कुठंय? जावक नोंद नाही, तर आवक नाही. फायरवॉल दर सेकंदाला शेकडो वेळा हेच करत असते.

तुम्ही ब्राउझरमध्ये एखादं पान उघडता तेव्हा संगणक बाहेर एक छोटं पाकीट धाडतो. पाकिटाच्या माथ्यावर पाच गोष्टी असतात: पाठवणाऱ्याचा पत्ता, त्याचा पोर्ट, घेणाऱ्याचा पत्ता, त्याचा पोर्ट आणि वाहतुकीचा प्रकार, टीसीपी (आधी जोडणी जुळवून मग बोलणारा) की यूडीपी (जोडणी न जुळवता थेट पाकिटं धाडणारा). आपल्या बाजूचा पोर्ट तात्पुरता असतो. विंडोज तो साधारणपणे ४९१५२ ते ६५५३५ यांमधून निवडते, समजा ५२३१०. समोरचा पोर्ट ४४३. पाकीट बाहेर पडताना फायरवॉल या पाच गोष्टी आपल्या तक्त्यात उतरवून घेते. ही जावक नोंद. उत्तराचं पाकीट येतं तेव्हा त्यावर याच पाच गोष्टी उलट्या असतात. पाठवणारा तो सर्व्हर आणि त्याचा ४४३, घेणारे आपण आणि आपला ५२३१०. फायरवॉल ओळ उलटवून तक्त्यात शोधते. सापडली, आत या. नाही सापडली, तर पाकीट टाकून देते आणि उत्तरही पाठवत नाही. पलीकडच्याला इथे कुणी राहतं की नाही, हेही कळत नाही.

सुरुवातीच्या फायरवॉलकडे हे रजिस्टर नव्हतं. १९८०च्या दशकाच्या अखेरीस आल्या त्या प्रत्येक पाकीट सुटं सुटं तपासायच्या आणि मागचं काही लक्षात ठेवायच्या नाहीत. मग उत्तर कोणतं आणि आगंतुक कोणतं, हे ओळखायचं कसं? त्यांनी एक खूण धरली. टीसीपीमध्ये बोलणं सुरू होतं ते तीन पाकिटांनी. आपण 'सिन' पाठवतो, समोरून 'सिन-ॲक' येतं, आपण 'ॲक' पाठवतो. म्हणजे पहिलं पाकीट सोडलं तर पुढच्या प्रत्येकावर 'ॲक'चा बिट लागलेला असतो. बाहेरून येणाऱ्या पाकिटावर 'ॲक' असेल तर ते कशाचं तरी उत्तरच असणार, असं मानून आत सोडायचे. यातली फट तुमच्या लक्षात आली असेल. तो बिट पाठवणाराच लावतो. कुणीही टेम्पोवर 'जॉबवर्क परत' असं लिहून दारात उभं राहावं आणि रजिस्टर नसलेल्या पोरानं फाटक उघडावं, तसं झालं ते. कोऱ्या पाकिटांवर खोटं 'ॲक' लावून आतली यंत्रं चाचपडता येत होती. १९९४ साली इस्रायलच्या चेक पॉइंट कंपनीनं फायरवॉल-१ हे उत्पादन बाजारात आणलं आणि रजिस्टर ठेवणारी पद्धत सर्वत्र रूढ झाली. आज तुमच्या विंडोजमध्ये, लिनक्समध्ये, भिंतीवर टांगलेल्या राउटरमध्ये तीच आहे.

यात आणखी एक पदर आहे, आणि तो मला फार आवडतो. पत्ते आणि पोर्ट कुणी अंदाजानं जुळवले तर? म्हणून टीसीपीच्या प्रत्येक पाकिटावर एक अनुक्रमांकही असतो, बत्तीस बिटांचा, म्हणजे सुमारे ४२९ कोटी शक्यता. बोलणं सुरू करताना आपण एक यादृच्छिक आकडा टाकतो. समोरच्यानं त्यात एक मिळवून तो परत करायचा आणि सोबत स्वतःचा आकडा द्यायचा. आपण त्यात एक मिळवून परत करायचा. चांगली फायरवॉल हे आकडेही टिपून ठेवते आणि पुढचं पाकीट अपेक्षित मर्यादेत बसतं का ते पाहते. यूडीपीत मात्र अशी ओळखपरेड नाही. तिथे फायरवॉल फक्त घड्याळ लावते. लिनक्सच्या मूळ मांडणीत एकतर्फी यूडीपीची नोंद तीस सेकंदांत पुसली जाते, तर जुळलेल्या टीसीपी जोडणीची नोंद, काही हालचाल नसली तरी, पाच दिवस टिकते. परतीचा धोटा आला नाही म्हणून माग किती वेळ थांबवायचा, हे शेवटी सूत पाहूनच ठरतं.

हे प्रत्यक्ष पाहायचं असेल तर विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा, 'नेटस्टॅट' टाइप करा, जागा सोडून आडवी रेघ आणि त्याला जोडून 'ए' 'एन' ही अक्षरं (netstat -an). संगणकाच्या सध्याच्या सगळ्या जोडण्या ओळीनं दिसतील. 'एस्टॅब्लिश्ड' लिहिलेल्या ओळी म्हणजे चालू बोलणी. 'लिसनिंग' म्हणजे कुणीतरी येईल म्हणून उघडून बसलेल्या खिडक्या. पुतणी ती यादी पाहून थक्क झाली. एक पान उघडलं की वीस-पंचवीस ओळी वाढायच्या.

आता काम. विंडोज १० किंवा ११मध्ये 'विंडोज सिक्युरिटी' उघडून 'फायरवॉल अँड नेटवर्क प्रोटेक्शन'वर जा. डोमेन, प्रायव्हेट, पब्लिक अशी तीन नावं दिसतील. तिन्ही चालू हवीत. मूळ नियम साधा असतो, आतून बाहेर मोकळीक, बाहेरून आत परवानगीशिवाय नाही. घरचं नेटवर्क प्रायव्हेट म्हणून निवडा, स्टँडवरचं किंवा हॉटेलातलं वायफाय पब्लिक. प्रिंटरचं दुखणं इथेच बरं होतं: 'अलाऊ ॲन ॲप थ्रू फायरवॉल'मध्ये 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग'ला फक्त प्रायव्हेटच्या रकान्यात खूण करायची, पब्लिकची काढायची. एका खिडकीला, एका नेटवर्कपुरती परवानगी. नवा प्रोग्राम पहिल्यांदा चालवताना परवानगी मागणारी चौकट येते, तिथे खात्री नसेल तर नकार द्या. बहुतेक प्रोग्राम नकारानंतरही चालतात, कारण बाहेर जाण्याची त्यांची मोकळीक तशीच राहते.

उबुंटू लिनक्समध्ये यूएफडब्ल्यू नावाची सोय असते, पण ती मुळात बंद. टर्मिनलमध्ये 'सुडो यूएफडब्ल्यू इनेबल' (sudo ufw enable) एवढी एकच आज्ञा इंग्रजीत टाइप केली की तोच नियम लागू होतो.

राउटरकडेही पाहायला हवं, कारण तिथे एक मोठा गैरसमज आहे. घरातल्या सगळ्या यंत्रांना राउटर बहुतेकदा १९२.१६८ने सुरू होणारे खाजगी पत्ते देतो आणि बाहेर सर्वांच्या वतीनं एकच पत्ता वापरतो. पत्त्यांच्या भाषांतराची ही युक्ती मुळात पत्ते पुरेनात म्हणून काढली गेली. उत्तर घरातल्या कोणत्या यंत्राला द्यायचं हे कळावं म्हणून तिलाही रजिस्टर ठेवावं लागतं, आणि त्यामुळे आगंतुक पाकिटं आपोआप अडतात. लोक म्हणतात, "राउटर आहे, मग फायरवॉल कशाला?" पण आयपीव्ही६ या इंटरनेट पत्त्यांच्या नव्या पद्धतीत पत्ते १२८ बिटांचे, मुबलक. तिथे घरातल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा जागतिक पत्ता मिळू शकतो आणि भाषांतराची गरज उरत नाही. फुकट मिळत असलेलं संरक्षणही तिच्याबरोबर जातं. म्हणून राउटरच्या पानावर आयपीव्ही६ची फायरवॉल चालू आहे का, हे मुद्दाम पाहा. राउटरमधली यूपीएनपी नावाची सोय नको असेल तर बंद करा, त्यातून घरातलं कोणतंही यंत्र तुम्हाला न विचारता फाटक उघडायला सांगू शकतं. आणि कंपनीनं दिलेला पासवर्ड बदला.

खंडेनवमीला मागाबरोबर संगणकालाही हळदकुंकू लागतं. त्यात यंत्राबद्दलची कृतज्ञता आहे, तिचा मला आदर आहे. पण भावाच्या संगणकाला बारा महिने लिंबू-मिरची टांगलेली असते आणि खाली फायरवॉल बंद. नजर लागून कोणताही संगणक बिघडत नाही, ४४५ उघडा राहिला तर बिघडू शकतो. 'हॅकरप्रूफ' म्हणून विकली जाणारी महागडी पॅकेजंही याच पंगतीत बसवा. वर सांगितलेलं सगळं तुमच्या संगणकात आधीच, पैसे न देता, आहे. "तुमच्या फायरवॉलची मुदत संपली" असा फोन आला तर तो चोराचाच. विंडोजच्या फायरवॉलला मुदत नसते. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

एक गोष्ट मी भावापासून लपवली नाही. जावक नोंदीवर सगळा भरवसा ठेवला की आतल्या माणसावर भरवसा ठेवावा लागतो. तुम्ही मेलमधलं बनावट बिल उघडलं आणि त्यातून एखादा प्रोग्राम संगणकात शिरला, तर तो स्वतःच बाहेर जोडणी करतो. रजिस्टरमध्ये रीतसर जावक नोंद होते आणि चोराचं उत्तर रीतसर आत येतं. फायरवॉलच्या लेखी सगळं बरोबर असतं. म्हणून विंडोजचे अपडेट आणि अँटीव्हायरस यांचं काम वेगळं आहे आणि तेही लागतं. एकाच्या बदली दुसरं चालत नाही, हेच "अँटीव्हायरस आहे की" या वाक्यात निसटलं होतं.

फायरवॉल चालू केली, प्रिंटरला प्रायव्हेटमध्ये परवानगी दिली. पुतणीनं वरून चाचणी प्रिंट सोडली आणि भाऊ जिन्यावरून खाली धावला. मागांचा आवाज इतका होता की त्याचं ओरडणं ऐकू आलं नाही. शेवटी तो कागद हातात घेऊनच वर आला.