थाई व ख्मेर साहित्यातील अन्न

थायलंड व कंबोडिया येथील जुन्या काव्य-कथांत अन्न निव्वळ भूक भागवण्यासाठी क्वचितच येते. बहुधा ते कुणाचा तरी निरोप घेऊन आलेले असते.

थाई राजा दुसरा राम (कार. 1809–24) याचे ‘काप हे छोम ख्रुआंग खाव वान’ हे काव्य राजनौकेवरील वल्हेकऱ्यांच्या गीतांच्या घाटाचे असून त्यात तिखट-गोड पदार्थांचे वर्णन आहे. परंपरा सांगते की, ही स्तुती पुढे राणी झालेल्या बुन्रोत या राजकन्येच्या हातच्या स्वयंपाकाची. आरंभीच मस्समन रस्सा येतो : जिऱ्याच्या वासाचा, झणझणीत, खाणारा रांधणारीसाठी झुरू लागेल असा. पाखराच्या घरट्याचा पदार्थ पाहून कवीला घरटे सुटलेला पक्षी, म्हणजे स्वतःच, आठवतो. अंड्याच्या सांगखायाबरोबर (कस्टर्डसारखा गोड पदार्थ) चिकट भात वाढला आहे, त्याचा रंग ‘सोक’, म्हणजे फिकट हिरवा. थाईत हाच शब्द शोकालाही आहे. गोडाच्या पानावर विरह वाढावा तो असा. सोन्याच्या तारांसारखे दिसणारे ‘फोई थोंग’ही या यादीत आहे. अंड्याच्या बलकाची ही मिठाई मूळची पोर्तुगीज.

याच राजाच्या ‘सांग थोंग’ नाटकात निरोप अक्षरशः कोरलेला आहे. शंखासह जन्मलेल्या राजपुत्राची आई, चंथथेवी, त्याच्या राजवाड्यात मुदपाकखान्यात कामाला राहते. कोहळ्याच्या सात फोडींवर ती त्याची जन्मकथा कोरते आणि त्या रश्शात सोडते. ताटातल्या फोडी जुळवून पाहताच मुलाला आईची ओळख पटते.

थाई राजा पहिला राम याच्या ‘रामकियन’ या थाई रामायणात (1797) यज्ञातल्या दिव्य भाताचा अर्धा गोळा कावळ्याच्या रूपातली राक्षसी पळवते. तो मोंथो (मंदोदरी) खाते आणि तिच्या पोटी सीता जन्मते. एकनाथांच्या भावार्थ रामायणात कैकेयीचे पायस घार नेते व ते अंजनीला मिळते, हे मराठी वाचकाला इथे आठवेलच.

ख्मेर राजवृत्तांतांत तर काकडीने राजवंश बदलला आहे. एका माळ्याच्या मळ्यातल्या गोड काकड्या राजाला इतक्या आवडल्या की, त्याने त्या फक्त स्वतःसाठी राखल्या आणि चोराला मारायला माळ्याला भाला दिला. पुढे राखण पारखायला राजा स्वतःच रात्री मळ्यात शिरला. माळ्याने हुकूम पाळला. नंतर गादीवर बसलेला हा माळी ‘ता त्रासक फाएम’, म्हणजे गोड काकडीवाले आजोबा, या नावाने ओळखला जातो.