कर्मसर्वनाम-क्रियारूप रचना, इंग्रजीतील

कर्मसर्वनाम-क्रियारूप रचना, इंग्रजीतील : मुख्य क्रियापद, त्यानंतर हिम, हर, अस, देम असे कर्मरूपातील सर्वनाम आणि त्यालगत दुसऱ्या क्रियापदाचे कालनिरपेक्ष रूप, अशा क्रमाची वाक्यरचना. ‘आय वाँट हिम टू गो’, ‘आय मेड हिम गो’, ‘आय सॉ हिम गोइंग’ ही तिची ठळक उदाहरणे. सर्वनामाच्या जागी नाम आले तरी रचना बदलत नाही. तरीही व्याकरणकार उदाहरणे सर्वनामांचीच घेतात, कारण इंग्रजी नामांची कर्ता आणि कर्म ही रूपे एकच झाली आहेत, सर्वनामांत मात्र भेद टिकून आहे. ‘हिम’ अर्थाने जाण्याच्या क्रियेचा कर्ता असूनही रूपाने कर्म आहे. या विषयावरील बहुतेक वाद या विसंगतीतून निघाले.

दुसरे क्रियारूप कोणते यायचे ते मुख्य क्रियापद ठरवते. वाँट, आस्क, टेल, अलाऊ, फोर्स, गेट यांना टू-सह रूप लागते. मेक, लेट आणि करवून घेणे या अर्थाचे हॅव यांना टू-विना मूळरूप लागते. सी, हिअर, वॉच, फील यांच्यानंतर मूळरूप किंवा ‘गोइंग’सारखे इंग-रूप येते. गेट आणि हॅव अर्थाने जवळची असूनही ‘गॉट हिम टू साइन’ आणि ‘हॅड हिम साइन’ अशी फारकत होते. हिचे कारण इतिहासात शोधावे लागते, नियमात नव्हे. कोशकार ए. एस. हॉर्नबी यांनी 1942 मध्ये टोकिओत प्रसिद्ध झालेल्या कोशात क्रियापदांचे 25 साचे मांडले आणि या तीन रूपांना वेगवेगळे साचे दिले. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीच्या पुढील कोशांनी ही पद्धत थोड्याफार फरकाने उचलली.

उगम : इंद्रियज्ञानवाचक व प्रयोजक क्रियापदांनंतरची टू-विना रचना मूळची जर्मानिक आहे, याबद्दल फारसे दुमत नाही. ती जुन्या इंग्रजीत सर्रास आढळते आणि जर्मनमध्ये आजही आहे. वाद आहे तो ‘आय बिलीव्ह हिम टू बी ऑनेस्ट’ या प्रकाराबद्दल. जुन्या इंग्रजीत जाणणे, मानणे, सांगणे अशा अर्थांच्या क्रियापदांनंतर तो बहुतांशी लॅटिनवरून भाषांतरित मजकुरात दिसतो. त्यावरून जुन्या इंग्रजीचे अभ्यासक मॉर्गन कॅलवे यांनी 1913 मध्ये तो लॅटिनचे अनुकरण ठरवला. मध्य इंग्रजीच्या उत्तरार्धात, साधारणपणे पंधराव्या शतकापासून, त्याचा प्रसार वाढला. भाषाशास्त्रज्ञ ओल्गा फिशर यांच्या मते लॅटिनने चालना दिली असली, तरी कर्म क्रियापदाच्या आधी येण्याचा जुना क्रम मोडून नंतर येण्याचा क्रम रुळल्यामुळेच भाषेत या रचनेला जागा झाली. जुन्या इंग्रजीत आज्ञार्थक ‘हातान’ या क्रियापदानंतर ‘घर बांधण्यास आज्ञा केली’ असे, बांधणाऱ्याचा उल्लेख न करता, म्हणता येई. क्रम बदलल्यावर क्रियापदापूर्वीचे नाम कर्ता वाटू लागले आणि ‘ऑर्डर्ड द हाउस टू बी बिल्ट’ असे कर्मणी रूप आवश्यक झाले. केवळ अनुकरणाच्या उपपत्तीने याचा उलगडा होत नाही. फिशर यांच्या मांडणीने होतो.

विभक्तींचा ऱ्हास हे दुसरे कारण. जुन्या इंग्रजीत द्वितीयेचे ‘हिने’ आणि चतुर्थीचे ‘हिम’ वेगळे होते. काही आज्ञार्थक क्रियापदे पहिले घेत, काही दुसरे. मध्य इंग्रजीत दोहोंसाठी ‘हिम’ उरले आणि दोन वेगळ्या रचना वरवर एकरूप झाल्या. मेक या क्रियापदानंतरचा टू बराच काळ डळमळीत होता. 1611 च्या बायबल भाषांतरातील तेविसाव्या स्तोत्रात ‘मेकेथ मी टू लाय डाउन’ असे आहे. आज कर्तरीत हा टू चालत नाही. सर्वनाम न घेणारी जुनी रचना ‘लेट गो’, ‘मेक बिलीव्ह’ यांसारख्या जोडशब्दांत गोठून राहिली आहे.

विश्लेषण : ‘परस्वेडेड हिम टू रिझाइन’ आणि ‘बिलीव्ह्ड हिम टू बी ऑनेस्ट’ यांचा साचा एक दिसतो, घडण वेगळी आहे. पहिल्यात हिम हे परस्वेडचे खरे कर्म आहे, कारण मन त्या व्यक्तीचेच वळवले जाते. दुसऱ्यात विश्वास व्यक्तीवर नसून संपूर्ण विधानावर आहे. यासाठी दोन कसोट्या वापरतात. रिक्त, म्हणजे स्वतःचा अर्थ नसलेला कर्ता देअर हा बिलीव्हनंतर चालतो, परस्वेडनंतर चालत नाही. तसेच आतील भाग कर्मणी केल्यास बिलीव्हच्या वाक्याचा अर्थ तोच राहतो, परस्वेडच्या वाक्यात मात्र मन वळवलेली व्यक्तीच बदलते. वाँट पहिल्या कसोटीवर बिलीव्हच्या बाजूला पडते, परंतु ‘ही वॉज वाँटेड टू गो’ हे त्याचे कर्मणी रूप चालत नाही, बिलीव्हचे चालते.

डॅनिश व्याकरणकार ऑटो येस्पर्सन यांनी सर्वनाम व क्रियारूप मिळून एक ‘नेक्सस’, म्हणजे कर्ता आणि क्रिया यांची जोडी, होतो आणि तो सबंध कर्म असतो असे मानले. पीटर रोझेनबाउम यांनी 1967 मध्ये आतील वाक्याचा कर्ता वरच्या, म्हणजे मुख्य वाक्याचे कर्म होतो अशी उन्नयनाची कल्पना मांडली. पॉल पोस्टल यांनी 1974 मध्ये तिची सविस्तर पाठराखण केली. नोम चॉम्स्की यांच्या 1981 च्या मांडणीत सर्वनाम आतील वाक्यातच राहते आणि त्याला विभक्ती तेवढी बाहेरून मिळते. ‘आय हॅव बिलीव्ह्ड हिम फॉर यिअर्स टू बी इनोसंट’ या वाक्यात मुख्य क्रियापदाचे क्रियाविशेषण हिम आणि टू यांच्यामध्ये बसते. सर्वनाम आत असते तर ते असे बसणे अवघड होते. 1991 मध्ये हॉवर्ड लास्निक व मामोरू साइतो उन्नयनाकडे परतले ते अशाच प्रकारच्या पुराव्यामुळे.

प्रयोगातील अडचणी : कर्मणीत मेक आणि सी यांना टू परत घ्यावा लागतो: ‘ही वॉज मेड टू गो’, ‘ही वॉज सीन टू गो’. लेटचे कर्मणी रूप जवळजवळ वापरात नाही, तेथे ‘वॉज अलाउड टू’ येते. हेल्पनंतर टू ऐच्छिक आहे. हेल्पपूर्वीच एक टू असल्यास दुसरा सहसा गाळतात. नकाराची जागा अर्थ बदलते: ‘टोल्ड हिम नॉट टू गो’ यात मनाई आहे, ‘डिड नॉट टेल हिम टू गो’ यात फक्त आज्ञेचा अभाव. सर्वनाम गाळल्यास कर्ता फिरतो. ‘आस्क्ड हिम टू लीव्ह’ यात तो जाणार, ‘आस्क्ड टू लीव्ह’ यात विचारणारा. प्रॉमिस अपवाद आहे, तेथे हिम असूनही जाणारा वचन देणाराच. सजेस्ट, से, होप, एक्सप्लेन ही रचना घेत नाहीत, त्यामुळे ‘सजेस्टेड हिम टू गो’ चुकीचे ठरते; तेथे ‘सजेस्टेड दॅट ही गो’ लागते.

सीनंतर मूळरूप पूर्ण झालेली क्रिया दाखवते, इंग-रूप चालू असलेली. ‘सॉ हर ड्राउनिंग’ म्हटल्यावर तिला वाचवल्याचे सांगता येते, ‘सॉ हर ड्राउन’ नंतर नाही. लाइक, माइंड अशा क्रियापदांपुढे इंग-रूपापूर्वी हिम की हिज, हा जुना तंटा आहे. इंग्रजी शब्दप्रयोगांवर लिहिणारे एच. डब्ल्यू. फाउलर यांनी 1906 आणि 1926 मध्ये हिमवर कडाडून हल्ला केला, येस्पर्सन यांनी जुन्या लेखनातील दाखल्यांनी तो परतवला. आज औपचारिक लेखनात हिज टिकून आहे, बोलण्यात हिम सरसकट आहे. इंद्रियज्ञानवाचक क्रियापदांनंतर मात्र हिज कधीच येत नाही.