घडीचे भित्तिपत्रक

एकाच कागदावर पाठपोट छापलेले, घडी घातल्यावर माहितीपुस्तिकेसारखे हातात मावणारे आणि पूर्ण उलगडल्यावर भिंतीवर लावता येणारे पत्रक. त्याला शिलाई, पिन किंवा डिंक लागत नाही. व्याख्यानमाला, कार्यशाळा, प्रदर्शन अशा कार्यक्रमांसाठी ते वापरतात. अक्षरकला आणि मुद्राक्षररचना यांच्या कार्यक्रमांशी त्याचे विशेष जुळते, कारण तिथे अक्षर हे निरोपाचे साधनही असते आणि कार्यक्रमाचा विषयही. एका बाजूला अक्षर मोठे करून पाहता येते, दुसऱ्या बाजूला तेच लहान आकारात वाचता येते. देवनागरीत अशा पत्रकाचे खास प्रश्न उभे राहतात. नागपूरसारख्या शहरात, जिथे मराठी, हिंदी आणि इंग्रजी रोज एकाच फलकावर नांदतात, ते अधिकच ठळक होतात. या नोंदीत प्रामुख्याने त्यांचाच विचार केला आहे.

पूर्वपीठिका

अक्षरांचा नमुना दाखवणारा सुटा छापील कागद ही फार जुनी गोष्ट आहे. एर्हार्ट राटडोल्ट या मुद्रकाने १४८६ मध्ये आउग्सबुर्ग येथे छापलेला नमुनापत्र हा या प्रकारातला सर्वांत जुना ज्ञात कागद मानला जातो. विल्यम कॅझलन याचा १७३४ चा इंग्रजी नमुनापत्रही प्रसिद्ध आहे. छापखान्याच्या मालकाने तो भिंतीवर लावायचा आणि खिळे, म्हणजे धातूची सुटी मुद्राक्षरे, मागवताना त्यावर बोट ठेवून सांगायचे, असा त्याचा उपयोग होता. पाहणे आणि माहिती घेणे ही दोन्ही कामे एका कागदाने करावीत, ही कल्पना तिथेच दिसते.

घडीला सोयीचे माप मात्र विसाव्या शतकात रूढ झाले. जर्मनीने १९२२ मध्ये ठरवलेली आणि १९७५ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झालेली ‘ए’ मालिका अशी आहे की कागद मधोमध दुमडला तरी लांबी-रुंदीचे प्रमाण तेच राहते. ए२ कागद (४२० × ५९४ मिमी) तीनदा दुमडला की ए५ होतो, चौथ्यांदा दुमडला की ए६.

महाराष्ट्रात देवनागरी खिळ्यांना घाट दिला तो मुंबईने. १८६९ मध्ये जावजी दादाजी यांनी सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याची अक्षरे पिढ्यान्‌पिढ्या मराठी वाचकांच्या डोळ्यांत बसली. पुढे र. कृ. जोशी यांनी संगणकासाठी घडवलेला ‘मंगल’ हा टंक (फॉन्ट) घरोघरी पोचला. नागपूरची वाट थोडी वेगळी आहे. १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रांत आणि नंतर मध्य प्रदेश यांची राजधानी होते. त्यामुळे इथे मराठी आणि हिंदी दोन्ही भाषांतला सरकारी मजकूर छापला जाई. सिव्हिल लाइन्समधील शासकीय मुद्रणालय ही त्या काळाची खूण आहे. अक्षरांचे लोकरूपही इथे मुबलक आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या मारबतीच्या मिरवणुकीत बडग्यांवर, म्हणजे तिथल्या पुतळ्यांवर, हाताने रंगवलेल्या घोषणा असतात. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या परिसरात पुस्तके, दिनदर्शिका आणि पोस्टर यांचे स्टॉल लागतात. अक्षरकलेच्या कार्यक्रमाचे पत्रक करणाऱ्या नागपूरच्या विद्यार्थ्याने आधी हे पाहावे. नमुना म्हणून परदेशी पोस्टरांकडे धाव घेण्याची सवय फार खोल गेली आहे आणि तिने मराठी पत्रकांचे नुकसानच केले आहे.

घडी आणि देवनागरी

घडीच्या भित्तिपत्रकात आधी घडी ठरवावी लागते, अक्षरे त्यानंतर. हा क्रम उलटा झाला की बाकी कितीही मेहनत घेतली तरी पत्रक सुधारत नाही. लॅटिन लिपीत ही चूक बऱ्याचदा खपून जाते. देवनागरीत ती लपत नाही, आणि याचे कारण लिपीच्या बांधणीतच आहे.

देवनागरीची ओळ शिरोरेषेला लटकते. आडवी घडी ही कागदावरची दुसरी आडवी रेघ. ती शिरोरेषेजवळ आली की दोघींची तुलना डोळा आपोआप करतो आणि घडी अर्धा मिलिमीटर तिरकी गेली असली तरी ते लगेच जाणवते. म्हणून मोठ्या शीर्षकाची शिरोरेषा आणि आडवी घडी यांत निदान आठ-दहा मिलिमीटरचे अंतर ठेवणे हिताचे. अक्षर इतके मोठे असेल की घडी त्याच्यावरून जाणे अटळ आहे, तर ती शिरोरेषेच्या बऱ्याच खाली, अक्षराच्या पोटातून जाऊ द्यावी. तिथे आकार भरदार असतो आणि रेघ सोसतो. शिरोरेषेच्या वरच्या पट्ट्यात मात्रा, वेलांटीची कमान, रफार आणि अनुस्वार राहतात. तिथून घडी गेली तर चार-सहा वेळा उघडझाप झाल्यावर शाई उडते आणि ‘चिंता’ची ‘चिता’ होते. खाली उकारांच्या पट्ट्यालाही हेच लागू आहे.

उभ्या घडीचा धोका वेगळा आहे. ग, ण आणि श यांचा काना उरलेल्या अंगापासून सुटा असतो. त्या फटीत घडी बसली की अक्षर दुभंगते. ‘ख’ तर मुळातच ‘रव’ वाचला जाण्याच्या काठावर उभा असतो, घडी त्याला पलीकडे ढकलते. उभी घडी दोन शब्दांच्या मधल्या जागेतून, म्हणजे शिरोरेषा मुळातच तुटलेली असते तिथून न्यावी. शब्द हलवता येत नसेल तर अक्षराकार बदलावा, जाडी बदलावी, प्रसंगी मजकूर बदलावा. घडीची जागा सरकवण्याचा मोह टाळावा, कारण एक घडी सरकली की तिच्याबरोबर सगळी पॅनेले, म्हणजे घड्यांनी पडणारे चौकोन, बिघडतात.

या अडचणींतून चांगले कामही निघते. ए२ कागदाच्या तीन घड्यांनी प्रत्येक बाजूला आठ पॅनेले पडतात. ही आठ पॅनेले हीच मांडणीची जाळी धरली, तर एकच ‘क्ष’ किंवा ‘ज्ञ’ साऱ्या कागदावर पसरवून त्याची वळणे नेमक्या पॅनेलांत बसवता येतात. वाचक अर्धेच उलगडतो तेव्हा त्याला फक्त एक गाठ किंवा एक शेपूट दिसते. जोडाक्षरे या खेळासाठी जणू घडवलेली आहेत. इंग्रजी मोठ्या अक्षरांत एवढी वळणे नाहीत.

घड्यांचे प्रकार

आधी आडवी, मग त्यावर उभ्या अशा छेद देणाऱ्या घड्या सर्वांत रुळलेल्या आहेत. झिगझॅग घडी बनवायला सोपी आणि वाचायला सरळ असते, पण तिच्यात भित्तिपत्रक लांबट पट्टीसारखे होते. आत गुंडाळत जाणाऱ्या घडीत सर्वांत आतले पॅनेल एक-दोन मिलिमीटर अरुंद ठेवावे लागते, नाहीतर ते दुमडीत अडकून चुरगळते. जपानी खगोलभौतिक शास्त्रज्ञ कोर्यो मिउरा यांच्या नावाची तिरकस घडी एका हिसक्यात उघडते. ती १९९५ मध्ये अवकाशात गेलेल्या जपानी यानाच्या सौरपटलासाठी वापरली गेली. शंभरेक प्रती हाताने करायच्या असतील तर ती जरूर करावी, यंत्रावर मात्र ती सहसा निघत नाही.

छेदघडीत नवख्यांना चकवणारी एक गोष्ट आहे. आडवा ए२ कागद वरचा अर्धा भाग मागे नेऊन दुमडला आणि मग पानासारखा उलटला, तर मागे गेलेल्या भागावरचा मजकूर उलटा, म्हणजे डोके खाली अशा स्थितीत दिसतो. म्हणून पुस्तिकेच्या बाजूला वरच्या ओळीतली चार पॅनेले खालच्या चारांच्या डोक्याला डोके लावून रचावी लागतात. पूर्ण उघड्या कागदावर ती उलटी दिसतात आणि ते बरोबरच असते. याला उपाय एकच, आणि तो म्हणजे कोऱ्या कागदाची डमी. तिच्यावर पेन्सिलने पॅनेलांचे क्रमांक आणि डोक्याच्या बाजूला बाण काढावा, मग उलगडून तिच्यावरून संगणकावर मांडणी करावी.

कागद

भारतीय बाजारात कागद इंचाच्या मापात मिळतो, आणि ए मालिकेशी त्याचे सरळ गणित बसत नाही. २५ × ३६ इंची तावातून ए२ चे दोन नग निघतात, यंत्राच्या ग्रिपरला (कागद पकडणाऱ्या चिमट्यांना) आणि कटिंगला जागाही उरते. २३ × ३६ इंची तावातून मात्र निघत नाहीत, कारण ए२ ची लांबी २३.४ इंच आहे. हाताशी तोच कागद असेल तर पत्रकाचे माप १७ × २२ इंच धरावे. त्याच्या तीन घड्यांनी सुमारे साडेआठ × साडेपाच इंचांची पुस्तिका मिळते. प्रती थोड्या असल्या तर डिजिटल छपाई परवडते, पण तिथला नेहमीचा ताव १३ × १९ इंचांपुढे जात नाही. अशा वेळी ए३ वर समाधान मानावे आणि तो तीन घड्यांत ए६ करावा.

वजन ९० ते १०० जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅम) आणि कागद मॅपलिथो, म्हणजे चकाकीचा लेप नसलेला, उत्तम. तीन घड्यांनंतर कागदाचे आठ थर होतात आणि या वजनाला पुस्तिका साधारण एक मिलिमीटर जाडीची भरते. १७० जीएसएमचा चकचकीत आर्ट पेपर आयोजकांना भारी वाटतो, पण या कामासाठी तो वाईट आहे. छेदघडीच्या कोपऱ्यात तो फुगतो आणि गडद रंगावर घडीची पांढरी रेघ उमटते. जाड कागदाचा हट्टच असेल तर घडी घालण्याआधी क्रीझिंग, म्हणजे घडीच्या रेघेवर दाबून खाच, करून घ्यावे. कागदाच्या तंतूंची दिशा, छापखान्यात जिला ‘ग्रेन’ म्हणतात, तिच्याशी निदान शेवटची घडी समांतर असावी. छेदघडीत एक तरी घडी तंतूंच्या आड जाणारच.

नागपूरच्या हवेचा विचार इथे टाळून चालत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो आणि हवा कोरडी ठाक होते. कागदातला ओलावा कमी झाला की तो ठिसूळ होतो आणि घडीवर तडकतो. त्यातच छापखान्यात डेझर्ट कूलर चालू असला तर त्याच्या झोतातली गड्डी एका कडेने ओलावा घेते आणि लहरते. पावसाळ्यात कागद फुगतो, आणि तंतूंच्या आडव्या दिशेने जास्त फुगतो. मग पाठपोट छपाईत पुढच्या आणि मागच्या बाजूची घडीची जागा जुळत नाही. ताव वेष्टनातच ठेवावेत, छापण्याआधी एक दिवस छापखान्याच्या हवेत मुरू द्यावेत, आणि गड्डी कूलरच्या तोंडी ठेवू नये.

मजकूर आणि भाषा

पत्रकाच्या पहिल्या पॅनेलवर कार्यक्रमाचे नाव, तारीख आणि जागा एवढेच पुरे. ते उघडल्यावर वक्ते आणि वेळापत्रक, त्याच्या आत कार्यशाळांचा तपशील आणि नोंदणी. वाचक ज्या क्रमाने उलगडतो त्याच क्रमाने माहिती यावी. वेळापत्रक दोन पॅनेलांवर फोडू नये, कारण कार्यक्रमाच्या दिवशी लोक नेमके तेवढेच पॅनेल वर काढून पत्रक खिशात ठेवतात.

मराठी मजकुराला वर मात्रा आणि खाली उकार यांसाठी ऐसपैस ओळी लागतात. ११ पॉइंट अक्षराला १६ पॉइंटची ओळ बरी पडते. इंग्रजीसाठी आखलेल्या चौकटीत मराठी कोंबली की मात्रा वरच्या ओळीच्या उकाराला भिडतात. तीन भाषा असतील तर इंग्रजी थोडी लहान करून तिची उंची देवनागरीच्या अंगाशी जुळवावी.

मराठी आणि हिंदी यांची लिपी एक असली तरी काही अक्षरांची वळणे एक नाहीत. पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही मराठीची रूपे आहेत. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या वर्णमालेविषयीच्या निर्णयातही ती आहेत. चांगल्या टंकांत दोन्ही रूपे असतात, पण मजकुराला ‘मराठी’ अशी भाषेची खूण दिली नाही तर बऱ्याचदा हिंदीचीच उमटतात. ‘कऱ्हाड’, ‘दुसऱ्या’ यांतला अर्धा र तपासणेही तितकेच गरजेचे. आणि शहराचे नाव: मराठीत नागपूर, हिंदीत नागपुर. एका भाषेचा मजकूर दुसरीत उतरवताना हा उकार हमखास निसटतो, आणि मुखपृष्ठावर तो सर्वांत मोठ्या अक्षरांत असतो. अक्षरकलेच्या कार्यक्रमाला येणारा प्रेक्षक हे पहिल्याच नजरेत टिपतो.

जागेच्या नकाशासाठी एक पॅनेल राखावे. सीताबर्डी स्थानकात मेट्रोच्या दोन्ही मार्गिका एकमेकींना छेदतात, त्यामुळे बाहेरगावच्या पाहुण्यांना तिथून दिशा सांगणे सोपे जाते. कार्यक्रम विदर्भ साहित्य संघाच्या वास्तूत असेल तर झाशी राणी चौक आणि दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रात असेल तर झिरो माइल ही खूण द्यावी. नकाशावरची नावे स्थानकावरच्या पाटीप्रमाणेच लिहावीत.

छापखान्यात देताना

मांडणीच्या प्रणालीत भारतीय लिप्यांसाठीचा ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर (अक्षरे आणि ओळी जुळवणारी सोय) चालू नसेल तर पहिली वेलांटी व्यंजनाच्या चुकीच्या बाजूला बसते आणि जोडाक्षरे सुटतात. अंतिम पीडीएफमध्ये अक्षरे रेखाकृतीत (आउटलाइनमध्ये) बदलून द्यावीत, पण त्याआधीची मूळ फाइल जपावी. मुद्रितशोधन रेखाकृतीत बदलल्यानंतर पुन्हा एकदा करावे. बारीक काळी अक्षरे फक्त काळ्या शाईत ठेवावीत. चार रंग एकावर एक आले की शिरोरेषेला रंगीत कडा सुटते. गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे मॅपलिथोवर भरून येतात, तिथे एक पायरी जाड वजन घ्यावे. रंग बदलण्याची सीमा नेमकी घडीवर ठेवू नये, घडी एखादा मिलिमीटर इकडेतिकडे होतेच. मशिनवर चढवण्याआधी छापील प्रूफ प्रत्यक्ष दुमडून, सही करून द्यावे.

सगळ्याच प्रती घडीला देऊ नयेत. महाविद्यालयांच्या आणि ग्रंथालयांच्या सूचनाफलकांसाठी काही प्रती सपाट ठेवाव्यात आणि गुंडाळून पोचवाव्यात. घडी घातलेल्या ए५ प्रती १६२ × २२९ मिलिमीटरच्या लिफाफ्यात बसतात.